गिधाडाच्या पाठीवरचं यंत्र

चाकण म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतात मोटारींचे कारखाने, कंटेनर आणि तळेगाव चौकातली कोंडी. आमच्या घरातल्या मोठ्यांना मात्र अजून कांद्याचा आणि बैलांचा बाजारच आठवतो. आणि गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं. माझ्या पुढच्या पिढीने ती फक्त टीव्हीवर पाहिली. हे पक्षी जातात तरी कुठे, हे माणसाला कसं कळत गेलं, त्याचा हा छोटासा इतिहास.

जुनी युक्ती म्हणजे पायात कडं घालणं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२० च्या दशकात, पवारांच्या धार संस्थानात, हा उद्योग सुरू केला. पण पक्षी कुठेतरी मेला आणि ज्याला सापडला त्याने पत्र टाकलं, तरच उत्तर! प्रवासाची दोन टोकं कळायची, मधलं काहीच नाही.

१९६० च्या आसपास अमेरिकेत पक्ष्यांवर रेडिओ ट्रान्समीटर लावायला सुरुवात झाली. टेकडीवर अँटेना घेऊन उभं राहायचं आणि 'बीप बीप' ऐकायचं. पक्षी डोंगरापलीकडे गेला की खेळ खलास. मग १९८४ साली तिथल्याच एका गरुडाच्या पाठीवरच्या यंत्राचा माग थेट उपग्रहाने काढला. आताची यंत्रं उन्हावर चार्ज होतात आणि आपला ठावठिकाणा मोबाइलच्या टॉवरमार्फत कळवतात. पथ्य एकच. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत हवं.

आता गिधाडांकडे येऊ. १९९० च्या दशकात ती पटापट मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त संपली. गुन्हेगार सापडला २००४ साली: गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतात २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्यांवरही बंदी आली. २०२३ साली गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकचा नंबर लागला.

या लढाईत पाठीवरच्या यंत्राने दोन कामं केली. पहिलं म्हणजे, गिधाड किती लांब भटकतं ते दाखवलं. त्यामुळेच गिधाडांसाठीचं 'सुरक्षित क्षेत्र' एखाद्या अभयारण्याएवढं न धरता सुमारे १०० किलोमीटर त्रिज्येचं धरतात. दुसरं म्हणजे, यंत्र एका जागी थांबलं की माणसं तिथे धावतात आणि मृत्यूचं कारण तपासता येतं. नेपाळमध्ये २०१७ पासून पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं यंत्र लावून सोडली, ती याचसाठी. तिथलं रान विषमुक्त झालंय का, हे तीच सांगणार होती.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पेंच आणि ताडोबात प्रत्येकी १० गिधाडं आणली आणि त्याच वर्षी यंत्रं लावून सोडली. ताडोबातलं एक भटकत भटकत थेट तामिळनाडूत पोचलं! जंगलाची हद्द त्याला कोण सांगणार?

म्हणून सहज नकाशावर चाकणभोवती १०० किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहिलं. त्यात भीमाशंकर येतं, जुन्नरचे कडे येतात, घाट उतरून महाडही येतं. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर उरलेल्या गिधाडाचं आयुष्य खेड किंवा मावळातल्या एखाद्या गोठ्यात, गाय आजारी पडल्यावर कुठली बाटली उघडली जाते, त्यावर ठरतं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे, आणि ते मिळतंही.

गावाकडे ज्यांची गुरं अजून आहेत, त्या नातेवाईकांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवढं नाव जरूर विचारावं. बाकी एमआयडीसीत गुरं उरली किती, हा प्रश्न वेगळाच. त्यावर पुन्हा कधीतरी.