इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच : छोट्या खासगी विमानातील

इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच : ढग, धुके किंवा पाऊस यांमुळे धावपट्टी दिसत नसताना विमानातील उपकरणांच्या आधारे, आखून दिलेल्या मार्गाने आणि ठरवून दिलेल्या उंचीने धावपट्टीपाशी येण्याची पद्धत. या मार्गाच्या शेवटी धावपट्टी दिसली तर उतरायचे, न दिसली तर नकाशावर छापलेल्या वाटेने पुन्हा वर जायचे. या परतीच्या वाटेला ‘मिस्ड अ‍ॅप्रोच’ म्हणतात. या नावामुळे नवशिक्या वैमानिकाला ती नामुष्की वाटते. प्रत्यक्षात ती पद्धतीचाच भाग आहे, आणि ती घ्यायची मनाची तयारी ठेवूनच खाली यावे लागते.

प्रवासी कंपनीच्या विमानात हे काम दोन वैमानिक वाटून घेतात. सेस्ना 172 सारख्या चार आसनी विमानात बहुधा एकच माणूस असतो. विमान सरळ ठेवणे, रेडिओवर उत्तर देणे, नकाशा वाचणे, इंधनाकडे पाहणे हे सगळे त्यालाच करायचे असते आणि चूक झाली तर टोकणारे शेजारी कोणी नसते. छोट्या विमानातील सुरक्षिततेचा विचार या एकटेपणापासून सुरू करावा लागतो.

ढगात शिरल्यावर पहिला दगा आपलाच कान देतो. तोल सांभाळणारा आतल्या कानातला द्रव संथ वळण नोंदवत नाही. विमान एका अंगावर कलंडत असताना वैमानिकाला ते सरळ भासते आणि सरळ केले की उलट बाजूला कलल्यासारखे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1954 साली यावर एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. सर्वांचाच ताबा सुटला, आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. म्हणून शरीर काय सांगते ते बाजूला ठेवून कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे उपकरण), वेग, उंची आणि दिशा यांवर आळीपाळीने नजर फिरवत राहणे हा या विद्येचा पाया मानला जातो. ही सवय वाचून येत नाही आणि सराव सुटला की लवकर गंजते. अमेरिकी नियमानुसार ढगात उडू पाहणाऱ्या वैमानिकाने मागील सहा महिन्यांत किमान सहा अ‍ॅप्रोच केलेले असावे लागतात. हा आकडा कमीत कमी आहे. तेवढ्याने हात तयार राहतो असे समजू नये.

ही विद्या शक्य आहे हे अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांनी 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर दाखवून दिले. झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर न पाहता, त्यांनी उड्डाण केले, फेरी मारली आणि विमान उतरवले. स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो आणि कोल्समन यांचा अचूक अल्टिमीटर (उंचीमापक) या तीन उपकरणांवर तो प्रयोग उभा होता. तरीही शिक्षण मागेच राहिले. 1934 च्या प्रारंभी अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपालवाहतूक सोपवली गेली, आणि हिवाळी हवामानात काही आठवड्यांतच अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराने एडविन लिंक यांनी बनवलेली जमिनीवरची सरावयंत्रे विकत घेतली. आजच्या सिम्युलेटरची परंपरा तिथून सुरू होते.

धावपट्टीपाशी आणणारी सर्वांत रुळलेली व्यवस्था म्हणजे आयएलएस (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम). तिच्यातील लोकलायझर धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो आणि ग्लाइड स्लोप साधारण 3 अंशांचा उतार दाखवतो. या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे 318 फूट उंची कमी होते. 90 नॉट वेगाने येणाऱ्या छोट्या विमानाला मिनिटाला साधारण 475 फूट उतरावे लागते. समोरून वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग घटतो आणि उतरण्याचा दरही कमी ठेवावा लागतो. सामान्य, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर निर्णयाची उंची बहुधा जमिनीपासून 200 फूट असते. तिथून धावपट्टीला टेकायला सुमारे 25 सेकंद उरतात. तेवढ्या वेळात दिवे शोधायचे, नजर काचेबाहेर न्यायची आणि विमान मात्र हलू द्यायचे नाही. लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपचे काटे आधीच इकडेतिकडे धावत असतील तर 200 फुटांवर ते सावरता येत नाहीत. अशा वेळी निर्णयाच्या उंचीची वाट न पाहता वरूनच परत फिरावे.

उंची सोडण्याआधी आपण कुठे आहोत हे नक्की माहीत हवे. उंची आणि जागा यांचे हे नाते तुटले की काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या मातीत आहे. जुलै 1962 मध्ये बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालियाचे डीसी-8 विमान रात्री जुन्नर भागातील डोंगरावर आदळले आणि 94 जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत या चुकीच्या समजातून उंची लवकर सोडली गेली होती. दुसरे उदाहरण 1 डिसेंबर 1974 चे. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए 514 या विमानाला बऱ्याच अंतरावरूनच ‘अ‍ॅप्रोचची परवानगी’ मिळाली. वैमानिकांनी तिचा अर्थ थेट 1,800 फुटांपर्यंत उतरण्याची मुभा असा घेतला आणि विमान व्हर्जिनियातील डोंगरावर धडकले. विमानातील सर्व 92 जण गेले. पुढे नियम स्पष्ट झाला : नकाशावरच्या मार्गावर विमान स्थिरावेपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. ही दोन्ही विमाने मोठी होती आणि त्यांत अनुभवी माणसे होती. छोट्या विमानातल्या एकट्या माणसाने तर हा नियम अधिकच घट्ट धरायला हवा.

याच नात्याची दुसरी बाजू अल्टिमीटर. तो हवेचा दाब मोजतो. जमीन किती खाली आहे हे त्याला कळत नाही. स्थानिक दाब लावताना 10 हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंची जवळपास 300 फुटांनी चुकते, म्हणजे निर्णयाच्या 200 फुटांहूनही अधिक. रेडिओवर ऐकलेला दाबाचा आकडा परत उच्चारणे हे औपचारिक वाटते खरे, पण ही चूक तिथेच पकडली जाते.

जुन्या विमानांत कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो इंजिनाने चालणाऱ्या निर्वात पंपावर फिरतात. पंप बंद पडला तरी क्षितिज लगेच पडत नाही. ते हळूहळू झुकते आणि वैमानिक त्याच्यामागे जातो. म्हणून वळण दाखवणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या टर्न को-ऑर्डिनेटरशी त्याचा मेळ सतत घालावा लागतो.

नियमांत एक ठळक तफावत आहे. अमेरिकेत पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या वैमानिकाला, विमानतळावरची दृश्यता ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर सहसा अ‍ॅप्रोच सुरूच करता येत नाही. खासगी वैमानिकाला मात्र ‘जाऊन पाहण्याची’ मुभा आहे. खाली पोहोचल्यावर दिसले नाही तर त्याने परत फिरायचे असते. मुभा कायदेशीर असली तरी घरी पोहोचण्याची घाई असलेल्या माणसाच्या हाती ती देणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. म्हणून अनुभवी शिक्षक विद्यार्थ्याला स्वतःची मर्यादा जमिनीवर असतानाच कागदावर लिहायला लावतात. छापील मर्यादा 200 फूट असली तरी नवख्याने 600 किंवा 800 फूट धरावेत, सोबत दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन वर किमान 45 मिनिटे पुरेल इतके इंधन ठेवावे. पर्यायी विमानतळ इंधनात मोजलेला असला की परत फिरणे जिवावर येत नाही.

परत फिरतानाची कृती ठरलेली असते : पूर्ण शक्ती, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत, चढण पक्की झाल्यावर छापील दिशा आणि रेडिओ सगळ्यांत शेवटी. शक्ती वाढवल्यावर वेगाच्या झटक्याने नाक फारच वर गेल्याचा भास होतो. त्या भासाने नाक खाली ढकलणे जीवघेणे ठरते. इथेही कृत्रिम क्षितिजावरच विसंबावे. एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने उतरण्यासाठी ढगाखालून घातला जाणारा वळसा छोट्या विमानाने रात्री टाळलेलाच बरा.

उपग्रहांच्या आधाराने आता आयएलएस नसलेल्या धावपट्ट्यांनाही उताराची रेषा मिळते. अमेरिकेत उपग्रहांचे संकेत अधिक अचूक करणारी ‘वास’ ही प्रणाली 2003 मध्ये सुरू झाली. भारतात ‘गगन’ ही प्रणाली हे काम करते. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोच्या एटीआर विमानाने राजस्थानातील किशनगड येथे तिच्या साहाय्याने अ‍ॅप्रोच केला. धावपट्टीजवळ जमिनीवर वेगळे रेडिओ यंत्र उभारावे लागत नसल्यामुळे लहान विमानतळांना ही पद्धत परवडते. जुन्या पद्धतीत पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाऊन जमिनीलगत सपाट उडत धावपट्टी शोधावी लागे. सलग उतार मिळाल्यामुळे एकट्या वैमानिकावरचा तो भार उतरतो.