पाण्याशी फटकून

प्रथिने म्हटली की अमिनो आम्लांची साखळी डोळ्यांपुढे येते, कर्बोदके म्हटली की शर्करेची एकके. लिपिडांना असा एक चेहरा नाही. शेंगतेल, मधमाशीचे मेण आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांच्या रचना कागदावर काढल्या तर त्या एका कुळातल्या वाटणार नाहीत. पाण्यात विरघळायचे नाही, क्लोरोफॉर्म किंवा ईथरमध्ये विरघळायचे, एवढ्याच गुणावर त्यांची मोट बांधली आहे. व्याख्या म्हणून हे सैलच. तरी वर्गीकरणाचे तक्ते पाठ करण्याआधी नवख्या वाचकाने याच गुणाचा माग काढावा, असे मी सुचवेन.

सुरुवात मेदाम्लांपासून. कार्बनची लांब साखळी आणि टोकाला एक आम्लगट. स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्हींत कार्बन 18च. स्टिअरिक आम्लाच्या साखळ्या सरळ. त्या दाटीने बसतात आणि वितळायला सुमारे 69 अंश सेल्सिअस लागतात. ओलेइकमध्ये मधोमध एक दुहेरी बंध असतो. तिथे साखळीला बाक येतो, रेणूंना खेटून बसता येत नाही, आणि ते 13-14 अंशांनाच पातळ होते. खोबरेलाची गोष्ट निराळी. त्यातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे सरळ. पण साखळ्या आखूड, लॉरिक आम्लात तर कार्बन 12च. म्हणून ते उन्हाळ्यात वाहते आणि पुण्याच्या थंडीत बाटलीतून निघता निघत नाही.

ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडली की साठवणीचा मेद होतो : ग्रॅममागे 9 किलोकॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून अधिक. तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट आला, की मात्र सगळे पालटते. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दोन शेपट्या पाणी टाळतात, आणि असे रेणू पाण्यात आपणहून दुपदरी पटल रचतात.

हे दोन पदर 1925 मध्ये लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मोजून दाखवले. तांबड्या रक्तपेशींतले लिपिड अ‍ॅसिटोनने काढून त्यांनी ते पाण्यावर एका रेणूच्या जाडीचे पसरले. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. गंमत अशी, की लिपिड पुरते निघाले नव्हते आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले. उत्तर बरोबर, रीत चुकलेली. परीक्षेत यावर गुण कापले जातात. या दुपदरी थरात प्रथिने कशी वावरतात याचे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडायला 1972 उजाडावे लागले. या पुस्तकाचा उत्तरार्ध तिथून सुरू होतो.