हरणाऱ्यांची तालीम

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडेल. विषय आहे व्हिडिओ गेमचा, आणि तोही मारामारीच्या गेमचा. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, ठोसे आणि लाथा चालतात, आणि ज्याची 'लाइफ'ची पट्टी आधी संपते तो हरतो. यात शिकण्यासारखे ते काय, असा प्रश्न घरोघरी विचारला गेला आहे. माझे उत्तर असे की, या खेळांचा गेल्या जवळजवळ पस्तीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः शिकण्याचाच इतिहास आहे. शाळा नाही, क्रमिक पुस्तक नाही, पगारी शिक्षक नाही, आणि तरीही सामान्य घरांतली मुले एखाद्या विद्येत पारंगत कशी होतात, हे त्यात फार स्पष्ट दिसते.

सुरुवात जपानमध्ये झाली. कॅपकॉम या कंपनीने १९८७ साली 'स्ट्रीट फायटर' नावाचा खेळ काढला. तो बेताचाच चालला. १९९१ साली त्याचा दुसरा भाग आला आणि जगभरच्या गेम पार्लरमध्ये रांगा लागल्या. त्यात आठ लढवय्ये होते आणि त्यांतला कोणताही निवडता येत असे. त्यांत धालसिम नावाचा एक भारतीय योगीही होता. हातपाय लांबवणारा आणि तोंडातून आग फेकणारा! आपल्याविषयी परदेशात काय कल्पना होत्या, त्याचा तो नमुनाच म्हणायचा. यंत्राला एक दांडी आणि सहा बटणे होती, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे फिरवून ठोशाचे बटण दाबले की र्‍यू नावाच्या लढवय्याच्या हातातून ऊर्जेचा गोळा सुटे. हे ऐकायला सोपे वाटते, पण समोरचा मारत असताना दर वेळी बिनचूक करणे ही निराळी गोष्ट.

या खेळातली सर्वांत महत्त्वाची विद्या निर्मात्यांच्या योजनेत नव्हतीच. मधल्या एका टप्प्यात मोटारगाडी फोडायची असते. तो भाग तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की, एका फटक्याच्या पाठोपाठ नेमक्या वेळी दुसरा लावला तर दोन्ही जोडले जातात. इतकी अचूक वेळ साधणे कोणाला जमणार नाही, अशा समजुतीने त्यांनी ती गोष्ट तशीच राहू दिली. खेळाडूंनी ती शोधून काढली, घोटली आणि तिच्यातून फटक्यांच्या साखळ्या तयार केल्या. आज 'कॉम्बो' म्हणून ज्याला ओळखतात, ती विद्या अशी जन्मली. करणाऱ्याला जे अशक्यप्राय वाटले, ते पार्लरमधल्या पोरांनी नित्याचे करून टाकले.

हे त्यांना जमले कसे? त्याचे उत्तर पार्लरच्या व्यवहारात आहे. नियम साधा होता. जिंकणारा यंत्रावर टिकून राहतो आणि हरणारा उठतो. पुन्हा खेळायचे तर नवे नाणे टाकायचे, जपानमध्ये शंभर येनचे, अमेरिकेत पाव डॉलरचे. अमेरिकेत पुढच्या खेळाडूने आपले नाणे पडद्याच्या काचेखाली ठेवून नंबर लावायचा असा रिवाज होता. जपानमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडलेली असत, त्यामुळे समोर कोण बसले आहे हे दिसतही नसे. म्हणजे हरण्याला रोख किंमत होती, आणि ज्याच्या खिशात थोडीच नाणी होती, त्याला आपण का हरलो याचा विचार करणे भाग होते. उठल्यावर तो घरी जात नसे. मागे उभा राहून जिंकणाऱ्याचे हात बघत असे. शिकवणी व्हायची ती तिथे, उभ्या उभ्या.

आपल्या तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. पार्लरमधले खेळाडूही डाव लपवीत, पण फार दिवस लपत नसे. जपानमध्ये 'गेमेस्ट' नावाचे मासिक १९८६ ते १९९९ या काळात निघत होते. डाव, त्यांचे तोड आणि स्पर्धांच्या बातम्या त्यात छापून येत. तोक्योत सापडलेली युक्ती मासिकातून दूरच्या गावी पोचे.

आता थोडे या विद्येच्या आत डोकावू. हे खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या गतीने चालतात. हलका ठोसा तीन ते पाच चित्रांत समोरच्याला लागतो. माणसाने डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद, म्हणजे बारा ते पंधरा चित्रे जातात. याचा अर्थ असा की, असा ठोसा 'पाहून' अडवणे कोणालाच शक्य नाही. अडवणारा तो आधीच ओळखतो. किती अंतरावर समोरचा काय करतो, घाबरला की उडी मारतो की मागे सरकतो, दोनदा मार खाल्ल्यावर तिसऱ्यांदा तेच करतो का, हे तो वाचत असतो. कुस्तीत पहिलवान हात घालण्यापूर्वी खडाखडी करतात, एकमेकांचा अंदाज घेतात. या खेळात सामन्याचा बराच भाग म्हणजे अशी खडाखडीच असते. नवशिक्याला ती कंटाळवाणी वाटते आणि जाणकार तीच डोळ्यांत तेल घालून पाहतो.

या विद्येचा सर्वांत नामवंत वस्ताद म्हणजे दाइगो उमेहारा. जन्म १९८१ चा. लहानपणापासून पार्लरमध्ये वाढलेला हा मुलगा १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि अमेरिकेचा विजेता अॅलेक्स वाये याला हरवून आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पण त्याचे नाव जगभर झाले ते २००४ साली, कॅलिफोर्नियात 'ईव्हो' नावाच्या स्पर्धेत. समोर जस्टिन वाँग हा अमेरिकी खेळाडू होता. दाइगोची पट्टी इतकी संपली होती की, अडवलेल्या विशेष फटक्याच्या धक्क्यानेही तो हरला असता. वाँगने पंधरा लाथांचा महाडाव टाकला. त्यातून वाचायचे तर प्रत्येक लाथेच्या क्षणी दांडी नेमकी पुढे दाबून ती परतवायची, एकही चुकवायची नाही. दाइगोने पंधराही परतवल्या, शेवटची तर हवेत, आणि लगेच उलटा हल्ला करून सामना जिंकला. सभागृह डोक्यावर घेतले गेले. ते चित्रण आजही पाहिले जाते.

बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. पण त्या लाथांचा ठेका ठरलेला असतो आणि त्याचा सराव करता येतो. ठरलेली नसते ती पहिल्या लाथेची वेळ. ती ओळखण्यासाठी समोरच्याचे मन वाचावे लागते. घोटलेला हात आणि वाचलेले मन, दोन्ही त्या क्षणी एकत्र आले. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो अंतिम सामना नव्हता. अंतिम सामन्यात दाइगो आपल्याच देशाच्या केंजी ओबाताकडून हरला.

पुढे दाइगोने खेळ सोडला. काही वर्षे तो माजाँग या सोंगट्यांच्या खेळात रमला, मग वृद्धांच्या सेवेचे काम करू लागला. 'स्ट्रीट फायटर'चा चौथा भाग आल्यावर तो परतला आणि २००९ व २०१० साली लागोपाठ ईव्हो जिंकला. २०१२ साली त्याने पुस्तक लिहिले. त्याचे मुख्य सांगणे असे की, जिंकणे आणि जिंकत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या हुकमी युक्तीने आज जिंकता येते, पण ती युक्ती सर्वांना कळली की माणूस उघडा पडतो. ज्याला टिकायचे आहे, त्याने आजच्या विजयापेक्षा रोजच्या थोड्याशा सुधारणेकडे पाहावे. हे कोणत्याही विद्येला लागू पडेल.

या काळात पार्लर मात्र ओस पडत चालली होती. घरोघरी गेमची यंत्रे आली आणि मागे उभे राहून पाहणारा शेजारी नाहीसा झाला. हे नुकसान मोठे होते. ते भरून काढायचा प्रयत्न खेळाडूंनीच केला. टॉम आणि टोनी कॅनन यांनी मित्रांसोबत १९९६ साली कॅलिफोर्नियात चाळीस जणांची स्पर्धा भरवली. तीच २००२ पासून 'ईव्हो' म्हणून ओळखली जाते. इंटरनेटवरून खेळताना बटण दाबल्यावर फटका उशिरा निघे, आणि जिथे एकेक चित्र मोलाचे तिथे हा उशीर घातक. टोनी कॅननने २००६ च्या सुमारास एक युक्ती काढली. दूरच्या खेळाडूची चाल पोचेपर्यंत थांबायचे नाही, ती काय असेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे न्यायचा, आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे येऊन दुरुस्त करायचा. खेळाडू जे करतो तेच यंत्राला शिकवले! २०२३ साली आलेल्या सहाव्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये याच तत्त्वावर दूरचे सामने होतात. शिवाय सरावासाठी प्रत्येक फटक्याची चित्रे मोजून दाखवण्याची सोयही त्यात आहे.

तरीही शेजाऱ्याचे महत्त्व संपले नाही. त्याचा पुरावा लाहोरमधून आला. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधील फुकुओका येथे 'टेक्कन' या खेळाची ईव्हो स्पर्धा होती. दक्षिण कोरिया आणि जपानच्या खेळाडूंचा तेव्हा दबदबा होता. अर्सलान सिद्दीक, खेळातले नाव अर्सलान अॅश, हा फारसा कोणाला माहीत नसलेला पाकिस्तानी तरुण व्हिसाच्या अडचणी ओलांडून तिथे पोचला आणि स्पर्धा जिंकून गेला. मायदेशी आपल्यासारखे तगडे खेळाडू आणखीही आहेत, असे त्याने सांगितले तेव्हा अनेकांना ती बढाई वाटली. त्याच वर्षी लास वेगासला कोरियाच्या 'नी' या नावाजलेल्या खेळाडूला हरवून त्याने तिथलीही स्पर्धा जिंकली. नी मानी पण जिज्ञासू माणूस. तो स्वतः लाहोरला गेला, तिथल्या मुलांशी खेळला आणि अनेक सामने हरला. बढाई खरी होती. लाहोरच्या गल्ल्यांतल्या पार्लरमध्ये मुले वर्षानुवर्षे एकमेकांशी खेळत, एकमेकांना हरवत तयार झाली होती. जगाला पत्ता नव्हता, पण तालीम चालू होती. अर्सलानने लास वेगासला २०२३, २०२४ आणि २०२५ सालीही विजेतेपद मिळवले.

लाहोरच्या त्या पार्लरमध्ये 'किंग ऑफ फायटर्स' हा जपानी खेळही लोकप्रिय होता, आणि अर्सलानची सुरुवात त्यावरच झाली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या पार्लरमध्येही मुले त्याच खेळाला आणि 'मुस्तफा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाला चिकटलेली असत. यंत्रे तीच, वय तेच. आपल्याकडे ती जागा बहुतेक पालकांच्या लेखी वाया जाण्याची होती, आणि पुढे ती बंदही पडली. त्यात काय गेले, हे मला लाहोरची गोष्ट वाचल्यावर जाणवले.

हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत २०२३ साली 'स्ट्रीट फायटर'ला प्रथमच पदक होते. सुवर्णपदक मिळवणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. चपळ बोटे हेच सर्व काही असते, तर विशीतल्या मुलांसमोर तो टिकला नसता. तो पार्लरच्या पिढीतला माणूस. समोरच्याला वाचण्याची सवय वयाबरोबर कमी होत नाही, वाढते.

तेव्हा पालकांना माझे एवढेच सांगणे. मूल किती तास खेळते यावर लक्ष ठेवावेच. डोळे, झोप, अभ्यास यांची काळजी रास्त आहे. पण कधीतरी त्याच्या शेजारी बसून विचारा, आज कोणाकडून हरलास आणि का? उत्तर 'नेट स्लो होते' असे आले, तर ते नुसते खेळते आहे. 'मी घाबरलो की उडी मारतो, हे त्याने ओळखले' असे आले, तर थोडा वेळ तिथेच बसा आणि पुढचा डाव पाहा.