वळिवड्याचे पोलिश गाव

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, करवीर संस्थानातील वळिवडे या खेड्यालगत, कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या बाजूस, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची जी वसाहत उभी राहिली, तिचा उल्लेख आपल्याकडे बहुधा यजमानांच्या औदार्याचा दाखला म्हणून होतो. तो दाखला खोटा नाही. परंतु आश्रयदात्याची थोरवी गाताना, आश्रितांनी त्या परक्या माळावर आपले गाव कसे वसविले, ही अधिक कठीण गोष्ट सांगावयाची राहून जाते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पोलंडची पूर्व सरहद्द ओलांडून आत शिरल्या, आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तेथील लाखो नागरिकांची सैबेरिया व कझाकस्तानकडे सक्तीने रवानगी झाली. सोव्हिएत संघ व पोलिश सरकार यांच्यातील जुलै १९४१ च्या करारान्वये त्यांना मुक्तता मिळाली. १९४२ साली त्यांतील अनेकजण कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तेथून धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर गेले, आणि स्त्रिया, मुले व वृद्ध यांना हिंदुस्थान, आफ्रिका अशा दूरदेशी आसरा शोधावा लागला. वळिवड्यास जे आले ते असे, कर्त्या पुरुषांवाचूनचे गाव होते.

खर्चाची तजवीज लंडनमध्ये आश्रयास असलेल्या पोलिश सरकारने केली. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी, त्यांत कुटुंबागणिक खोल्या, आणि खोल्याखोल्यांमध्ये चटयांचे कूड, असा तो बंदोबस्त होता. म्हणजे शेजारणीचा खोकला ऐकू यावा इतकी जवळीक घडोघडी, आणि तरीही ज्याच्याशी मनातले बोलावे तो नवरा वा बाप हजारो कोसांवर! शाळा, इस्पितळ, नाट्यगृह, बालवीरांची पथके हे सर्व यथावकाश उभे राहिले, आणि फळे-भाजी घेऊन येणारे आसपासचे विक्रेते कामापुरती पोलिश भाषाही बोलू लागले. तथापि शिधा आणि शाळा यांनी छावणी चालते. तिचे गाव होण्यास सर्वांनी मिळून पाळावयाचे सणवार लागतात. ते वसाहतीतील कॅथलिक प्रार्थनामंदिराने पुरविले.

२४ डिसेंबरची पोलिश रात्र पाहावी. दिवसभर मांस वर्ज्य. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावाचून कोणी जेवावयास बसावयाचे नाही. शुभ्र कापडाखाली मूठभर वाळके गवत, आणि पिठाची एक पातळ चकती, जिचा तुकडा मोडून प्रत्येकाने प्रत्येकाचे कल्याण चिंतावयाचे. शिवाय एक ताट कोणासाठीही न मांडता मोकळे ठेवावयाचे, अवचित दारी येणाऱ्या वाटसरूसाठी. वैश्वदेवानंतर अंगणात येऊन अतिथीची वाट पाहणाऱ्या आपल्या जुन्या गृहस्थास ही रीत अपरिचित वाटू नये. परंतु ज्या घरात परतणारा माणूस खरोखरच आघाडीवर होता, आणि मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी मोठी प्राणहानी सोसून जिंकल्यानंतर कोणते पत्र येईल याचा ज्या घरास भरवसा नव्हता, त्या घरी हे मोकळे ताट निव्वळ आचार कसा राहणार? श्रद्धेने तेथील एकाकीपण नाहीसे केले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; तिने एवढेच केले, की त्या एकाकीपणास ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सोबत रडणारे शेजारी दिले.

युद्ध संपले, पण परतीची वाट मोकळी झाली नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहावा असे ठरविले, आणि वळिवड्यातील बहुतेकांची घरे तर त्याच भागात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली: कोणी पोलंडला परतले, पुष्कळजण ब्रिटनमध्ये आपल्या सैनिक आप्तांकडे गेले, कोणी ऑस्ट्रेलिया वा अमेरिकेचा रस्ता धरला.

त्याच बराकींत पुढे फाळणीने घरदार हिरावलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली, आणि आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर तेथे वाढले. बराकी त्याच, दुःखही पुष्कळसे त्याच जातीचे. परंतु पोलिशांचे गाव त्या भिंतींत शिल्लक उरले नव्हते, कारण ते मुळात भिंतींनी बांधलेलेच नव्हते. आपल्या झूलेलाल या दैवताची परंपरा घेऊन आलेल्या नव्या रहिवाशांनाही तेथे आपले गाव आरंभापासून, आपल्याच सणावारांनी, वसवावे लागले.