मालमोटारीचें नाक आणि कायद्याची फूटपट्टी

दोन मालमोटारी शेजारी उभ्या आहेत. एंजिनाची शक्ति सारखी, किंमतहि जवळजवळ सारखी, आणि दोहींतहि चालकाच्या आसनामागें निजण्याची जागा. यांपैकीं कोणती घ्यावी? अमेरिकेंतील वाहतूकदारापुढचा हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. परंतु दीर्घकाळ त्याचें उत्तर कायद्याच्या फूटपट्टीनें दिलें.

केनवर्थ कंपनीनें १९३३ सालीं निजण्याची सोय असलेली केबिन कारखान्यांतूनच तयार करून देण्यास आरंभ केला. लांबच्या मजलेंत दोन चालक आळीपाळीनें गाडी हांकीत व निजत. मात्र गाडीची लांबी किती असावी, हें प्रत्येक संस्थान आपापल्या मर्जीनें ठरवी. लांब नाकाची गाडी त्या लांबींतील कित्येक फूट एंजिनापायींच खाई. म्हणून एंजिनावर केबिन बसविलेल्या चपट्या तोंडाच्या गाडीस मागणी आली. वांचलेले फूट मागच्या ट्रेलरला मिळत, आणि भाडें मालाचें येतें, नाकाचें नव्हे!

वजनाचीहि तीच कथा. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज या वाहतूक कंपनीचे प्रमुख लेलँड जेम्स यांना हलकी गाडी कोणी बनवून देईना. तेव्हां त्यांनीं ॲल्युमिनियम वापरून स्वतःच गाड्या बांधविल्या. १९४२ पासून त्या ‘फ्रेटलायनर’ नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या.

या काटकसरीचें मोल चालकानें मोजलें. पुढचा आंस त्याच्या आसनाखालींच असल्यानें प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यास कळे. दोन आसनांच्या मधोमध एंजिनाची धग आणि घरघर. पुढें केबिन कलती करण्याची युक्ति निघाली. परंतु एंजिन पाहण्यासाठीं ती कलविली कीं आंत सैल राहिलेली प्रत्येक वस्तु समोरच्या कांचेवर येऊन आदळे. आठवडेच्या आठवडे त्या फळीवर निजणाऱ्या माणसाची दखल धंद्याच्या हिशेबांत क्वचितच घेतली गेली, ही खेदाची गोष्ट आहे.

१९८२ च्या कायद्यानें चित्र पालटलें. आंतरराज्य हमरस्त्यांवर ट्रॅक्टर व एक ट्रेलर यांची एकंदर लांबी मर्यादित करण्यास संस्थानांना मनाई झाली. ४८ फुटी ट्रेलर आणि ८०,००० पौंड एकूण वजन चालूं देणें भाग पडलें. नाक मोजणें थांबलें, आणि लांब नाकाच्या गाडींत माणसास उभें राहतां येईल एवढी शेजेची खोली आली.

मग निवड नव्या वळणावर गेली. १९८५ मध्यें केनवर्थनें उतरत्या नाकाची टी-६०० आणली. जुन्या जाणत्यांनीं तिला ‘मुंगीखाऊ’ म्हणून हिणविलें. पण वाऱ्याचा विरोध घटल्यानें तेल वांचूं लागलें आणि मोठ्या ताफ्यांचे मालक तिकडे वळले. स्वतःची गाडी स्वतः हांकणाऱ्यांचें मन मात्र चौकोनी नाकावरच राहिलें. तो निव्वळ हट्ट नव्हता. जुनी गाडी विकतांना त्या नाकाला चांगली किंमत येई.

युरोपांत एकंदर लांबी मोजण्याचाच दंडक राहिला. तेथील वाहतूकदारापुढें चपट्या तोंडाच्याच दोन गाड्या उभ्या राहत, आणि तुलना होई ती बिछान्याच्या रुंदीची व केबिनच्या उंचीची.