उपोपोई : 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यामधलं संग्रहालय



मराठीत एक सोय आहे, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. मी म्हटलं, 'आम्ही जेवायला चाललोय', तर तुम्हाला लगेच कळतं की आमंत्रण नाही. आणि 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं, की तुम्ही चपला शोधायला लागता. म्हणजे 'ऐकणारा वगळून' आणि 'ऐकणाऱ्याला धरून' असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजीत ही सोय नाही, जपानीतही नाही. पण जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर जी आइनू भाषा बोलली जायची, तिच्या व्याकरणात हा भेद आहे. आज ज्या संग्रहालयाबद्दल बोलायचंय, ते समजून घ्यायला हा भेद फार उपयोगी पडतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवला.

साप्पोरोहून आगगाडीनं तासाभरात शिराओई नावाचं छोटं गाव लागतं. तिथे पोरोतो सरोवर आहे. 'पोरो' म्हणजे मोठं, 'तो' म्हणजे तळं. त्याच्या काठावर १२ जुलै २०२० रोजी 'उपोपोई' सुरू झालं. उपोपोई म्हणजे पुष्कळांनी एकत्र गाणं. आत राष्ट्रीय आइनू संग्रहालय आहे, पारंपरिक घरांची वस्ती आहे, नृत्य-गायनाचं सभागृह आहे, लाकडावरचं कोरीव काम आणि भरतकाम करून बघायच्या जागा आहेत. टोकियो ऑलिंपिकच्या आधी, एप्रिलमध्ये उद्घाटन करायचं ठरलं होतं. करोनामुळे ते पुढे गेलं. वर्षाला दहा लाख पाहुणे यावेत, असं सरकारचं उद्दिष्ट होतं.

दारातून आत गेलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती पाट्यांची. सगळ्यात वर आइनू, मग जपानी, मग इतर भाषा. २००९ साली युनेस्कोनं जी भाषा अगदी मरणपंथाला लागलेल्या भाषांत धरली, ती इथे पहिल्या ओळीत आहे. संग्रहालयाचं आइनू नाव बघा : 'अनुकोकोर आइनू इकोरोमाकेनरू'. 'इकोर' म्हणजे मौल्यवान वस्तू, ठेवा. 'केनरू' म्हणजे घर. ठेवा जिथे आहे ते घर. आणि 'राष्ट्रीय' या शब्दासाठी काय वापरलंय? 'अनुकोकोर' : सर्वांनी मिळून बाळगलेलं. म्हणजे नावात 'आपलं' आहे.

पण दालनात गेलात, की विषयांची नावं अशी : आमची भाषा, आमची श्रद्धा, आमचं जगणं, आमचा इतिहास, आमचं काम, आमची देवघेव. जपानीत शब्द एकच, 'वाताशिताची'. मराठीत आणताना मात्र मला थांबावं लागलं. 'आमचा इतिहास' लिहू की 'आपला इतिहास'? मी 'आमचा' लिहिलं, आणि का ते आता सांगतो.

आइनूंबद्दल बोलणारे आजवर नेहमी दुसरेच होते. १९०३ साली ओसाकात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्याच्या बाहेर एक 'मानववंश दालन' उघडलं होतं. तिथे आइनू, ओकिनावाचे, तैवानचे लोक तिकीट लावून 'नमुने' म्हणून बसवले होते. आपल्या हिंदुस्थानातून नेलेली माणसंही त्यांत होती. तेव्हा ज्यांच्याकडे बोट दाखवून 'हे असे असतात' म्हटलं जायचं, त्यांनी 'आम्ही असे आहोत' म्हणणं, हा फरक व्याकरणापुरता राहत नाही.

आता थोडा इतिहास. १८६९ साली मेइजी सरकारनं एझो बेटाचं नाव बदलून 'होक्काइदो' केलं आणि वसाहत खातं काढलं. १८७१ मध्ये आइनू स्त्रियांच्या गोंदणावर बंदी आली. मग विषारी बाणांच्या शिकारीवर. मग नद्यांतला रावस मासा पकडण्यावर. आइनू भाषेत रावसाचं एक नाव आहे 'सिपे', म्हणजे खरं अन्न. आपल्याकडे भातालाच 'अन्न' म्हणावं, तसं. ते खरं अन्न रातोरात चोरी ठरलं.

जमिनीचं सांगतो. १८९७ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या माणसाला शेतीसाठी १५ लाख त्सुबोपर्यंत, म्हणजे साधारण ५०० हेक्टर जमीन फुकट मिळू शकत होती. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, 'होक्काइदो भूतपूर्व आदिवासी संरक्षण कायदा' आला. त्यात आइनू कुटुंबाला किती? जास्तीत जास्त १५ हजार त्सुबो, म्हणजे ५ हेक्टर. शंभरावा हिस्सा. तोही पंधरा वर्षांत लागवडीखाली आणला नाही तर परत जाणार. कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द आहे, हे लक्षात ठेवा. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता. १८९७ नव्हे, १९९७.

त्याच वर्षी मार्चमध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानं निबुतानी धरणाच्या खटल्यात निकाल दिला. फिर्यादींमध्ये कायानो शिगेरू होते. जपानच्या संसदेत निवडून गेलेले ते पहिले आइनू, आणि तिथे ते आइनू भाषेत बोललेले आहेत. न्यायालयानं सांगितलं : आइनू हे मूलनिवासी आहेत, आणि जमीन घेताना त्यांच्या संस्कृतीचा विचार न करणं बेकायदा होतं. पण धरण तर बांधून झालेलं! ते तसंच राहिलं. निकाल त्यांच्या बाजूनं, जमीन पाण्याखाली.

आता मी तुम्हाला उपोपोईच्या अशा भागात नेतो, जिथे बरेच पर्यटक जातच नाहीत. सरोवरापासून साधारण सव्वा किलोमीटरवर, टेकाडावर, एक स्मारक आहे. प्रार्थनेच्या वेळी वापरायच्या कोरीव काठीसारखा उंच स्तंभ, आणि शेजारी एक बंद इमारत. त्या इमारतीत बाराशेहून अधिक आइनू माणसांच्या अस्थी आहेत.

त्या कुठून आल्या? विद्यापीठांतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संशोधकांनी आइनू दफनभूमी उकरल्या; कवट्या मोजायच्या होत्या, वंशाचं कोडं सोडवायचं होतं. अनेकदा नातेवाइकांना विचारलंसुद्धा नाही. मोजमाप संपलं, ते वंशशास्त्रही मोडीत निघालं, पण अस्थी कपाटांत राहिल्या. २०१२ साली उराकावा भागातल्या किनेउसू वस्तीच्या वंशजांनी होक्काइदो विद्यापीठावर दावा लावला. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि बारा जणांच्या अस्थी गावी परत आल्या, मातीत गेल्या.

बाकीच्यांचं काय? ज्यांचं नाव, घराणं लागत नव्हतं, त्यांतल्या बहुतेक अस्थी २०१९ च्या अखेरीस शिराओईच्या या इमारतीत आणल्या. सरकारचं म्हणणं, इथे सन्मानानं ठेवल्या आहेत. काही आइनूंचं म्हणणं, कपाट बदललं, एवढंच. आमची माणसं ज्या मातीतून काढली तिथे परत द्या. त्यांच्या रूढीप्रमाणे मृताला मातीत विरू द्यायचं असतं, पेटीत जपायचं नसतं.

म्हणून मी दालनातल्या पाटीचं भाषांतर 'आमचा इतिहास' असं केलं. सरोवरकाठी गाणं ऐकताना 'आपण' म्हणणं सोपं आहे. टाळ्या वाजवायला सगळे आपलेच असतात. टेकडीवर गेल्यावर 'आपण' म्हणायला हिशोब पुरा व्हावा लागतो.

तो झालाय का? २००८ साली जपानच्या संसदेनं ठराव केला आणि २०१९ च्या कायद्यात आइनूंना पहिल्यांदा 'मूलनिवासी' म्हटलं गेलं. उपोपोई त्याच धोरणातून उभं राहिलं. पण त्या कायद्यात जमिनीचा हक्क नाही, नदीचा नाही. विधीपुरता रावस धरायचा तर परवानगी काढायची. उराहोरोच्या आइनू गटानं आपल्या नदीत मासेमारीचा हक्क मिळावा म्हणून दावा केला. एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला.

मग उपोपोई म्हणजे नुसता देखावा का? मला तसं वाटत नाही. तिथल्या आइनू भाषेतल्या पाट्या वेगवेगळ्या प्रदेशांतल्या लोकांनी आपापल्या बोलीत लिहिल्या आहेत. तिथे काम करणारी तरुण मंडळी छातीवर आपलं आइनू टोपणनाव लावतात. आजीनं मुलांच्या भल्यासाठी जी भाषा घरात बोलायची बंद केली, ती नातवंडं पगार घेऊन बोलतायत, ही लहान गोष्ट नव्हे. पण संग्रहालय आवाज देऊ शकतं. नदी देऊ शकत नाही. ती संसदेलाच द्यावी लागेल.

तुमच्यापैकी कुणी होक्काइदोला गेलात, तर उपोपोईला जरूर जा. गाणं ऐका. आणि परतीची गाडी गाठण्याआधी अर्धा-पाऊण तास राखून ठेवा, त्या टेकडीपर्यंत चालत जाण्यासाठी.