वाराचे अन्न

संस्थांचा इतिहास लिहिताना स्थापनेचे साल, कोनशिला आणि देणगीदारांची नामावली यांची नोंद आवर्जून होते. परंतु महाराष्ट्रात आणि कर्नाटकात शिक्षणाचा जो प्रसार झाला, त्याचा मोठा भार उचलणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. आठवड्यातून एक दिवस परक्या मुलासाठी पान मांडणारी ती साधी कुटुंबे होती.

खेड्यातून शहरात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी सात घरे ठरवीत असे; सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. मराठीत यास 'वार लावून जेवणे' म्हणत, कन्नडमध्ये 'वारान्न'. एका घरावर महिन्याकाठी चार-पाच पानांचाच भार पडे; पण सात घरे मिळून एका मुलाचे वर्ष निभावून नेत. एखादा वार मोकळा राहिला, तर त्या दिवशी उपवास घडे.

उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांना आपलेसे झालेले कादंबरीकार एस. एल. भैरप्पा यांनी बालपणीच मातृछत्र गमावले. विद्यार्थिदशेतील वारान्नाचे दिवस त्यांनी आत्मचरित्रात वर्णिले आहेत. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा आरंभही विद्यार्थ्यांनी मागून आणलेल्या माधुकरीवरच झाला. बेंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. १८८१ साली ते बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये गेले. पुढे याच अभियंत्याने खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले. बेंगळूरच्या विद्यार्थ्याला पुण्याने शिकविले आणि त्याच्या विद्येचे फळ पुण्यालाही मिळाले.

मात्र या रीतीचे गोडवे गाताना तिची मर्यादा झाकता येणार नाही. वाराचे पान बहुधा जातीच्या उंबरठ्याआतच मांडले जाई. ज्यांना त्या घरात प्रवेशच नव्हता, त्यांच्या मुलांना वारही नव्हता. ही उणीव वसतिगृहांनी भरून काढली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडले. पुढे घरोघरी रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्यातून 'मुष्टी फंड' उभा राहिला. वाराच्या पानामागची कल्पनाच येथे जातीची चौकट ओलांडून गेली. बेंगळूरजवळ तुमकुरू येथील सिद्धगंगा मठातही शिवकुमार स्वामींच्या दीर्घ कारकिर्दीत जातिधर्म न पाहता हजारो मुलांच्या अन्नाची आणि शिक्षणाची सोय झाली.

त्या घरांतील गृहिणींनी आपण शिक्षणप्रसार करीत आहोत, असे कधी म्हटले नसेल. त्यांनी भात थोडा अधिक शिजविला आणि मुलाला यावयास उशीर झाला, तर पान झाकून ठेवले. त्या झाकलेल्या पानावर एकेक विद्यार्थी शिकून मोठा झाला आणि त्याच्यामागे त्याचे सारे घराणे शिकले. आज घरात डबे आहेत, वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही फी, पुस्तक वा प्रवासखर्च यांपैकी एका गोष्टीवाचून अडलेले मूल प्रत्येक शाळेत असतेच. त्याच्या सात वारांपैकी एक वार उचलणे आजही कोणत्याही घराला जड नाही.